पार्ले ईस्ट : आमची बिल्डिंग पाडणारेत, त्याआधी जरा गप्पा

तिसरा_मजला
मंडळी, आमची सोसायटी अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. अखेर म्हणजे १४ वर्षांच्या मीटिंगा, दोन बिल्डर पळून गेले, एक सेक्रेटरी वारले, असं सगळं होऊन. तळ अधिक तीन, लिफ्ट नाही, साठच्या दशकातली बिल्डिंग, जिन्यात ती हिरवट मोझॅकची फरशी आणि प्रत्येक मजल्यावर चपलांचं वेगळं भांडण. पुढच्या महिन्यात चाव्या द्यायच्यात. तर गच्चीवर निरोपाचा कार्यक्रम ठरलाय आणि कमिटीने मला फर्मान काढलंय की "पार्ल्याचा इतिहास" दहा मिनिटं बोला, का तर मी ८९ साली मराठी घेऊन बीए केलं होतं.
बसले लिहायला. पार्ले टिळक विद्यालय १९२१, लोकमान्य सेवा संघ १९२३, पार्ले कंपनी १९२९, पु.ल. इथलेच, विजय तेंडुलकर इथे राहायचे, दीनानाथ नाट्यगृह, संपलं. मुलाला वाचून दाखवलं तर म्हणाला आई हे गच्चीवरच्या प्रत्येकाला पाठ आहे, तू थांबलीस तर पुढचं वाक्य तेच बोलतील. खरंय.
म्हणून इथे आलेय. जे सहसा कोणी भाषणात सांगत नाही ते सांगा. पश्चिमवाले पण चालतील. (हे "चालतील" प्रेमानेच घ्या हं.)

स्लो_लोकल
मी पार्लेकर नाही, पण ३१ वर्षं बोरिवली–चर्चगेट केलंय त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे. फास्ट गाडी तुमच्याकडे थांबत नाही, म्हणजे पार्ल्याशी संबंध आला तो स्लो गाडीमुळे. बिस्किटचा कारखाना रुळाला लागूनच, स्टेशनच्या जरा अलीकडे अंधेरीच्या बाजूला. अंधेरी सुटली की गाडीत घाम, जाई-मोगरा आणि कोणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी असा जो काय एकत्र वास असायचा त्यात एकदम भाजलेल्या मैद्याचा-साखरेचा वास घुसायचा. सगळे त्यावर हळवं होऊन लिहितात, मी खरं सांगतो, आमच्यासाठी तो वास म्हणजे सीट होती. वास आला की मिठीबाई-एनएम कॉलेजची पोरं उठणार. डोळे मिटून उभा असलो तरी नाकाने कळायचं की आता सरकायचं. २०१६ ला कारखाना बंद झाला त्यानंतर काही दिवस मी खरोखर उशिरा सरकायचो आणि सीट दुसराच घ्यायचा.

पार्लेश्वर_गल्ली
ताई, एक बारीक दुरुस्ती म्हणजे १९२९ साली बिस्किटं नव्हती, गोळ्या-पेपरमिंटं होती. बिस्किटं आली १९३९ ला, आणि "जी" तर फार नंतर, आमच्या लहानपणी पुड्यावर पार्ले ग्लुको असायचं. आणि कंपनीने गावाचं नाव घेतलं, गावाने कंपनीचं नाही, हे भारतात कुणालाच पटत नाही. ८४ साली पाटण्याला जाताना गाडीत एकाने विचारलं कुठले, मी छाती फुगवून विलेपार्ले, तर तो बायकोकडे वळून "बिस्कुटवाले हैं". पुढे पूर्ण प्रवासभर त्यांच्या पोराला वाटलं की माझ्या बॅगेत पुडे आहेत.

शंकासूर
नावावरून सुरू करा की भाषण. विले पार्ले म्हणजे काय? विले कोण आणि पार्ले कोण?

पार्लेश्वर_गल्ली
इर्ले आणि पाडले ही दोन गावं, बोलण्यात एकत्र होऊन विलेपार्ले. इर्ला तर पश्चिमेला आजही आहे, नाला पण आहे. दुसरे लोक सांगतात विर्लेश्वर आणि पार्लेश्वर या दोन देवळांवरून.

शंकासूर
देवावरून गाव की गावावरून देव? बहुतेक ठिकाणी गाव आधी असतं आणि मग महादेवाला त्याच्या नावापुढे ईश्वर लावून बसवतात.

पार्लेश्वर_गल्ली
आमच्या गल्लीत येऊन बोला :)

इर्ला_साइड
पश्चिमवाला हजर. गुजराती आहे, शाळा इंग्लिश, मराठी भाजीबाजारात आणि क्रिकेटमध्ये शिकलो, चुका झाल्या तर संभाळून घ्या. पूर्वेचे लोक पश्चिमेला "पलीकडे" म्हणतात जसं काही नदी आहे मध्ये. माझ्या पप्पांचे मित्र पूर्वेला राहायचे, ५० वर्षांची दोस्ती, पण पुलावरून आले की पहिला डायलॉग "काय ट्रॅफिक तुमच्याकडे". मी एक गोष्ट देतो जी तुमच्या लिस्टमध्ये नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला छावणी होती, जमनालाल बजाज आणि किशोरलाल मशरूवाला सारखे मोठे लोक ती चालवत होते. जुहूचा किनारा जवळ, तिथे मीठ करायचं. म्हणजे एक वेळ अशी होती की देशाच्या पेपरात विलेपार्ले आलं ते बिस्किटसाठी नाही, मिठासाठी. हे मी कधी कोणत्या पार्ल्याच्या कार्यक्रमात ऐकलं नाही. टिळकांच्या पुढे गांधी येऊ देत नाही का तुम्ही?

शंकासूर
येऊ देतात, रस्त्याला. महात्मा गांधी रोड आहे ना पूर्वेला.
पण रस्त्यांवरून आठवलं, आणि हे भाषणात नक्की घ्या. नकाशा काढून बघा. नेहरू रोड, सुभाष रोड, मालवीय रोड, श्रद्धानंद रोड, अजमल रोड. ही सगळी नावं वाचली तर १९२०-३० च्या दशकातलं वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटतं. स्वामी श्रद्धानंद १९२६ च्या डिसेंबरात मारले गेले, हकीम अजमल खान १९२७ च्या डिसेंबरात गेले. अजमल खान म्हणजे दिल्लीचे युनानी हकीम, काँग्रेसचे अध्यक्ष होते, जामिया मिलियाच्या संस्थापकांपैकी. आजूबाजूला श्रद्धानंद आणि मालवीय असताना हा अजमल दुसरा कोण असणार? मी अजमल रोडवर राहणाऱ्या चार जणांना विचारलं, एक म्हणाला अत्तरवाला, एक म्हणाला "अज-मल, म्हणजे पहिलवान असेल", दोघांनी विषय बदलला.

तिसरा_मजला
अग्गं बाई. माझं माहेर त्या रोडच्या टोकाला. २४ वर्षं पाकिटावर पत्ता लिहिला आणि एकदाही डोक्यात आलं नाही.

पार्लेश्वर_गल्ली
शंकासूर, चांगलं पकडलंत. यात भर घालतो, आणि लांबण लागेल, चहा घेऊन बसा.
१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतून लोक बाहेर सरकायला लागले, आधी दादर-माटुंगा, मग साष्टीत. आपला भाग तेव्हा मुंबई नव्हताच, ठाणे जिल्हा होता, १९२० ला मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला. मग १९२८ ला बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि खरी गंमत तिथे झाली, कारण फोर्टातल्या कारकुनाला आता सहाला ऑफिस सुटलं की सातच्या सुमाराला घरी येऊन बागेला पाणी घालता यायला लागलं. १९२९ ला उपनगरासाठी बीएसईएस ही वीज कंपनी निघाली, घरात दिवे आले. तोपर्यंत इथे राहायचं म्हणजे रात्री कंदील, पावसाळ्यात साप, स्टेशनहून घरी येताना चपला हातात.
आणि आपण महापालिकेत आलो १९५० ला. त्याच्या आधीची तीस वर्षं लक्षात घ्या. मोठं शहर पाठीशी नाही, छोटी नगरपालिका, पैसे नाहीत. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. दुसऱ्याच वर्षी शाळा, आणखी दोन वर्षांनी सेवा संघ. हे कोणी शेठने देणगी देऊन केलेलं नाही, म्हणजे देणग्या आल्याच, पण रोजचं जे चाललं ते वर्गणीवर, रविवारी घरोघरी फिरून. कारण दुसरं कोणी करणार नव्हतं. आपण त्याला आता "पार्ल्याची संस्कृती" म्हणतो, माझे आजोबा त्याला "कमिटीची कटकट" म्हणायचे. त्यांचा निम्मा रविवार पावतीपुस्तक घेऊन जायचा आणि आजी उरलेला निम्मा त्याबद्दल बोलण्यात घालवायची. ५९ ला कॉलेज काढलं तेही शाळेच्याच संस्थेने, पार्ले कॉलेज, आताचं साठ्ये. म्हणजे पोराने पहिलीपासून बीए होईपर्यंत रूळ ओलांडायला नको.
थोडक्यात हुशार, कष्टाळू, जरा शिष्ट माणसांनी ओसाड जागी एक गाव उभं केलं.

सहारची_पोर
ओसाड???
काका, बाकीचं छान लिहिलंय पण हा शब्द मागे घ्या. १९२१ च्या आधी काय इथे समुद्र होता काय? मी सहार गावठाणातली, ईस्ट इंडियन. आमची माणसं पोर्तुगीजांच्या काळापासून ख्रिस्ती आणि त्याच्या आधीपासून इथलीच. ईस्ट इंडियन हे नाव पण नंतरचं, १८८७ ला असोसिएशन काढली तेव्हा घेतलेलं, राणीच्या ज्युबिलीच्या साली. घरात आम्ही मराठीच बोलतो, तुमच्यासारखी नाही, आमची. कोळी होते, कुणबी होते, आगरी होते. भाताची शेतं होती, ताडाची झाडं, विहिरी. तुमच्या आजोबांनी प्लॉट घेतला तो कोणाकडून घेतला? आकाशातून पडला?
माझी आजी डोक्यावर टोपली घेऊन सहारहून पार्ल्याच्या बंगल्यांना अंडी आणि भाजी द्यायला चालत यायची. तिला सगळं पार्लं माहीत होतं पण मागच्या दारानं. कोणाकडे श्रावण कडक, कोणाकडे बाहेरून कडक आणि अंडी फडक्यात गुंडाळून न्यायची, सगळं. कोणाच्या पुढच्या खोलीत काय आहे विचारलं तर म्हणायची "माहीत नाय बाबा, तिथं कधी गेलेच नाय."
आणि शेतं विमानतळाखाली गेली. ते कोणी "पार्ल्याच्या इतिहासात" घेत नाही कारण तेव्हा ते पार्लं नसतं, "पलीकडचं गाव" असतं.

पार्लेश्वर_गल्ली
शब्द मागे घेतला. तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे पण अंडीवाल्या मावशी यायच्या, आणि हो, मागच्या दारानेच.

एडिसनकर
वा वा काय धागा आहे, डोळ्यात पाणी आलं. १९९८ ला पार्लं सोडलं पण पार्ल्याने मला सोडलं नाही. ती शांत गल्ली, ती पारिजातकाची झाडं, ते बंगले, पहाटे रियाजाचे सूर. इथे न्यू जर्सीत सगळं आहे पण ते नाही. आता तिकडे सगळे टॉवर झाले असं ऐकतो. कृपया पार्ल्याचं पार्लेपण जपा.

शंकासूर
साहेब आपला पार्ल्यातला फ्लॅट कितीला विकलात?

एडिसनकर
हा व्यक्तिगत प्रश्न आहे.

फनेल_झोन
टॉवर झाले नाहीत हीच तर गोष्ट आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही, म्हणून माझा नेहमीचा टेप लावतो. (आर्किटेक्ट आहे, अर्धं आयुष्य याच फायलींमध्ये गेलं.)
धावपट्टीची टोकं हायवेच्या पलीकडेच आहेत. विमान उतरताना-चढताना जो उतरता पट्टा मोकळा लागतो त्याच्या खाली आणि आजूबाजूला बांधकामाची उंची बांधलेली असते, त्यालाच सगळे फनेल म्हणतात. सांताक्रूझ, आपण, कुर्ला, घाटकोपरचा भाग, सगळे त्यात. एअरपोर्ट अथॉरिटीची एनओसी लागते आणि ती उंची जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून मोजतात. म्हणजे तुमचा प्लॉट जरा चढावर असला तर तुमचाच मजला कमी, शेजारी उतारावर त्याला जास्त. यावरून सख्खे शेजारी माझ्या ऑफिसात भांडलेले आहेत.
आता गणित बघा. रिडेव्हलपमेंटमध्ये जुन्या मेंबरांना जागा फुकट मिळते ती वरचे मजले विकून. वर मजलेच चढत नाहीत तर विकणार काय? एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं तो हिशेब) कागदावर आहे, टीडीआर (दुसरीकडचा विकत घ्यायचा बांधकामाचा हक्क) बाजारात आहे, पण ठेवायला हवा नाही. म्हणून बिल्डर येतो, चहा पितो, एनओसीचा आकडा बघतो आणि गायब होतो. ताईंची १४ वर्षं तिथेच गेलीत, मी पैज लावतो.
तर तुम्ही जे बैठं, शांत, झाडांचं पार्लं म्हणता ते संस्कृतीने राखलं असं मला तरी वाटत नाही. दादरच्या मराठी माणसाची संस्कृती काय कमी होती? तिथे चढले ना मजले. आपल्याकडे विमानांनी दाबून धरलं म्हणून राहिलं. ज्या आवाजाला आपण सत्तर वर्षं शिव्या घातल्या त्यानेच तुमचा पारिजातक वाचवला.
आणि उलट बाजू पण सांगतो. उंच जाता येत नाही म्हणून आता जी नवी बिल्डिंग होते ती आडवी पसरते. कंपाउंड जातं, मागचा नारळ जातो, विहीर बुजते, तळमजल्यावर गाड्या एकावर एक. टॉवर असता तर खाली थोडी माती तरी राहिली असती.

तिसरा_मजला
पैज जिंकलात. पहिला बिल्डर एनओसीवरूनच गेला. दुसरा मात्र चहा पिऊन नाही, दोन वर्षं आमच्या सगळ्यांचे फोन चुकवून गेला.
विमानांचं म्हणाल तर आमच्या घरात बोलण्याची एक पद्धतच आहे, वाक्याच्या मध्ये थांबायचं, विमान जाऊ द्यायचं, मग तिथूनच पुढे. लग्नानंतर नवऱ्याला (गिरगाव) वाटायचं मी नाटकी बोलते. आणि माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा भांडं घेऊन खाली बसल्या होत्या.

सहारची_पोर
म्हणजे हिशेब असा झाला की आमची शेतं गेली म्हणून विमानतळ झाला, विमानतळ झाला म्हणून तुमची झाडं वाचली. आजीला सांगायला पाहिजे होतं, हसली असती.

तिसरा_मजला
पोरी, तू लिहिल्यापासून मला चैन नव्हतं म्हणून काल कपाटातून सोसायटीची जुनी फाईल काढली. प्लॉटच्या पहिल्या कागदात विकणाऱ्याचं नाव एक ख्रिस्ती आडनाव आहे आणि खाली सहीच्या जागी अंगठा. मी ही फाईल दहा वेळा तरी हाताळली असेन, प्रत्येक मीटिंगला. क्षेत्रफळ बघायचे, नाव कधी वाचलंच नाही.

शंकासूर
एक राहिलं. १९८७ ची पोटनिवडणूक. देशभर वकिलांना विलेपार्ले माहीत आहे ते त्यासाठी. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले, धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून ती निवडणूक रद्द झाली, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९५ ला, हिंदुत्व म्हणजे काय यावर अजून तो निकाल दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वाचतात. पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला तो याच प्रकरणात. आणि त्या प्रचाराच्या मिरवणुका कुठल्या रस्त्यांवरून गेल्या असतील ते नकाशात बघा, वर दिलेत.

पार्लेश्वर_गल्ली
मी होतो त्या सभांना. गर्दी इतकी की घरी परत यायला रात्रीचे बारा. राजकारणावर इथे वाद नको पण एवढं सांगतो की मतदान कुणाला केलं यावरून आमच्या जिन्यात तेव्हा दोन घरांचं फराळाचं ताट बंद झालं ते ९१ ला एका बारशाला सुरू झालं.

इर्ला_साइड
गांधीवाली छावणी ते ८७, सत्तावन्न वर्षं. एकच गाव. मी फक्त मोजलं, काही बोलत नाही.

पीजी_लातूर
बराच वेळ वाचतोय, लिहू का नको करत होतो. मी २०१९ पासून पार्ले पूर्वेला भाड्याने राहतो, तिघं जण एका वन रूम किचनमध्ये, मालक अमेरिकेत (एडिसनकर काका तुम्हीच नाही ना?). तुमचं ते जुनं पार्लं मी बघितलेलं नाही, मला जे दिसतं ते लिहितो.
माझ्यासाठी पार्लं म्हणजे पोळीभाजी केंद्रं. मी मोजली होती, आमच्या खोलीपासून स्टेशनपर्यंत चालत जाताना पाच. सगळीकडे घडीच्या पोळ्या, भाजीत गूळ, आणि काउंटरवरच्या काकू "अरे काल आला नाहीस" म्हणणार. लातूरच्या माणसाला भाजीत गूळ म्हणजे शिक्षा आहे पण त्या "काल आला नाहीस"साठी जातो. दुसरं म्हणजे इथे पत्ता विचारला की आधी तुमचं मराठी ऐकतात, मग तुम्ही कुठले ते ठरवतात, मग पत्ता सांगतात, आणि पत्ता बरोबर असतो. माझ्या "लई"ला एका आजोबांनी रस्त्यात थांबवून "फार" केलं होतं. राग आला, पण मग त्यांनी स्टेशनपर्यंत छत्रीत घेतलं.
पहिल्या मे महिन्यात खोलीत इतकं उकडायचं की संध्याकाळी सेवा संघाच्या टिळक मंदिरातल्या व्याख्यानाला जाऊन बसायचो. विषय काय ते बघायचो नाही, पंखा बघायचो. श्रोत्यांचं सरासरी वय सत्तर. तिसऱ्या दिवशी एका काकांनी विचारलं तू रोज येतोस, म्हटलं हो, तर म्हणाले मग जाताना जरा खुर्च्या लावून जा. तेव्हापासून खुर्च्या लावतो. आता मलाच फोन येतो की उद्या किती खुर्च्या काढायच्या. परवा एका नव्या मुलाला, नांदेडचा, मी म्हटलं रोज येतोस ना, जरा खुर्च्या लाव.

पार्लेश्वर_गल्ली
त्या "फार"वाल्या आजोबांच्या वतीने माफी. ओळखतो मी त्यांना. मलाही करतात.

स्लो_लोकल
पीजी, व्याख्यानाला पुढच्या रांगेत पंखा जास्त लागतो की मागच्या? बोरिवलीहून यायचा विचार आहे.

पीजी_लातूर
खांबाच्या डाव्या बाजूला बसा.

तिसरा_मजला
झाला कार्यक्रम. सविस्तर सांगते कारण तुम्ही सगळ्यांनी मेहनत घेतलीत.
दहा मिनिटं होती, विमानांमुळे पंधरा झाली, सात वेळा थांबले. फनेलचं सांगताना बरोबर एक डोक्यावरून गेलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला वाटलं मला. अजमल रोड सांगितला तर दुसऱ्या मजल्यावरचे काका उभं राहून म्हणाले की हे त्यांना आधीपासून माहीत होतं, त्यांना सगळंच आधीपासून माहीत असतं. मिठाच्या छावणीवर तळमजल्यावरच्या आजींनी मान हलवली. त्या ९१ वर्षांच्या आहेत, त्यांनी त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकलं होतं.
मग मी सहारची गोष्ट वाचली, आजीच्या टोपलीसकट. शांत झाले सगळे. मला बरं वाटलं की पोचलं. आणि त्याच भरात मी फाईलमधला तो कागद सांगितला, ख्रिस्ती आडनाव, अंगठा.
तर आमचे सेक्रेटरी खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, हे आत्ता कुठे बाहेर बोलू नका, बिल्डरच्या वकिलाने ऐकलं तर टायटल क्लिअरन्स परत काढतील!" त्यावर खजिनदार म्हणाले आधीच जमिनीच्या मालकीचा सर्च रिपोर्ट झालाय, त्यावर दुसऱ्या मजल्याचे काका म्हणाले तो रिपोर्ट तीसच वर्षांचा आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं, आणि मग माझ्या भाषणाची स्पेशल जनरल बॉडी मीटिंग झाली. बटाटेवडे गार झाले. ठराव असा झाला की भाषण छान झालं पण त्याची प्रत ग्रुपवर टाकू नये.
म्हणून इथे टाकतेय.

सहारची_पोर
हाहाहा. त्या सेक्रेटरींना सांगा, आमची आजी गेली, टोपली पण गेली, कोणी येत नाही दावा करायला. वडे गरम करून खा.
पण खरंच वाचलंत ना? थँक्यू ताई.

तिसरा_मजला
वाचलं गं. तुझं "माहीत नाय बाबा" मला काही नीट जमलं नाही, ते तुझ्या तोंडून ऐकायला हवं.
असो. चाव्या १५ तारखेला. भाड्याची जागा जोगेश्वरीत मिळालीय, पार्ल्यात परवडेना. जाता जाता, एक जुनं गोदरेज कपाट द्यायचंय, फुकट, फक्त तिसऱ्या मजल्यावरून स्वतः उतरवायचं. लिफ्ट नाही हे वर लिहिलंच आहे.

पीजी_लातूर
ताई मी घेतो. आरसा आहे का त्याला?

तिसरा_मजला
आहे. कोपऱ्यात तडा गेलाय, विमानाने.

फनेल_झोन
विमानाने आरसा तडकत नाही हो.

तिसरा_मजला
आमच्याकडे सगळं विमानानेच होतं. पीजी, रविवारी ये, दोन माणसं घेऊन ये, आणि जिन्यातल्या चपला हलवू नकोस.